पहिला घास रेणुकाचा

तीर्थपुरीच्या त्या गल्लीत उषाबाईंच्या घराचं एक नाव झालं होतं. त्या घरात सून आधी जेवते. सासरा नंतर, नवरा नंतर, सासू तर सगळ्यात शेवटी. बाकीच्या घरांत अजूनही पुरुषांची ताटं उठेपर्यंत सुना तव्यासमोर बसतात आणि मग उरलंसुरलं पातेल्यातच कालवून खातात. त्यामुळे दळणाला गेली, पाण्याला गेली, कुठंही गेली तरी बायका त्या सुनेला, रेणुकाला, म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." महिला दिनाला बचत गटानं शाळेच्या मैदानात मांडव घातला, उषाबाईंना 'आदर्श सासू' म्हणून फेटा बांधला आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र दिलं. त्याचा व्हिडिओ तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. रेणुका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिनं थांबवल्या नाहीत.

खरी गोष्ट एवढीच होती की त्या घरात सून आधी जेवायची, कारण ती मरते का ते घरच्यांना बघायचं असायचं.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात एका नव्या नवरीनं नवऱ्याला खिचडीतून विष घातलं म्हणे. बातमी दोन ओळींची. पण बातम्यांच्या चॅनलनं ती महिनाभर पुरवली. 'घरात लपलेला काळ' असा कार्यक्रमच काढला, दुपारी एकला आणि परत पाचला. कोट घातलेला एक माणूस घसा फुटेस्तोवर ओरडायचा, मागं एका पातेल्याचं चित्र, त्या पातेल्याला लाल बाण, आणि धडधड वाजणारं संगीत. खिचडी चावून चावून तिचा चोथा झाला तेव्हा त्यांनी कुठूनतरी एक चहावाली बायको शोधून आणली, मग दुधात काहीतरी घालणारी. कुणीच सापडलं नाही त्या आठवड्यात जुनीच नवरी नव्या संगीतावर नाचवली. त्याच दुपारी अख्ख्या देशातल्या बायका रांधत होत्या, वाढत होत्या आणि कुणाच्या नवऱ्याला साधा ठसकासुद्धा लागत नव्हता. पण ती काही बातमी नव्हे.

उषाबाई मुळात वाईट बाई नव्हत्या. आधी त्या मालिका बघायच्या, कीर्तन ऐकायच्या आणि सुनेच्या हातच्या चटणीचं चारचौघीत कौतुक करायच्या. आता एक वाजला की सोफ्यावर मांडी घालून बसायच्या आणि हातातला घास तोंडात घालायचा विसरून जायच्या. कार्यक्रम संपला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उगाच उभ्या राहायच्या.

नवरा परमेश्वर. त्याचं बाजारात कृषी सेवा केंद्र होतं. बोंडअळीचं औषध, तणाचं औषध, मावा-तुडतुड्याचं औषध, कपाटभर बाटल्या. जे इख, जे विष तो दिवसभर लिटर-लिटरनं लोकांना विकायचा, त्याची भीती त्याला घरच्या वरणात वाटायला लागली. दुकानात त्याचा दोस्त बबलू दिवसभर मोबाईल घेऊन बसलेला असायचा. बायकोनं नवऱ्याला कसं मारलं याचे विनोदी रील लावायचा आणि खिदळायचा, "पम्या, जेवला का घरी? मंग जिता कसाकाय रे?" परमेश्वरही हसायचा. घरी येईपर्यंत ते हसू कुठंतरी सांडलेलं असायचं.

एके दिवशी मेथीची भाजी जरा कडू झाली. मेथीच ती, कडू व्हायचीच. परमेश्वरनं पहिला घास तोंडात घेतला, थांबला आणि आईकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी उषाबाई एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "रेणुका, आजपासून तू बस बरं आधी. लेकीबाळी म्हंजी घरची लक्ष्मी. लक्ष्मी उपाशी अन् आपण जेवून राह्यलो, हे काही बरं न्हाई."

रेणुका विरघळली. तिनं मंठ्याजवळच्या माहेरी आईला फोन लावला. तिची आई बायनाबाई, ऐन उमेदीतली वर्षं नवऱ्याबरोबर मेंढरांच्या मागं रानोरान फिरलेली. मेंढरांच्या तळावर, वाड्यावर सगळ्यांची जेवणं झाल्यावर जे उरेल ते तिचं, नाही उरलं तर पाणी. फोनवर तिनं लेकीकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या जल्माचं सोनं झालं, बाई." आणि त्या दिवसापासून तिनं ही गोष्ट गावभर सांगितली, नळावर, खळ्यावर, लग्नाच्या पंगतीत.

चौथ्या दिवशी रेणुका ताट घासायला मागच्या दारी गेली होती. खिडकीतून परमेश्वरला सांगणारा सासूचा आवाज आला, "जल्दी करू नको. पंधरा-वीस मिन्टं थांबत जा. टीव्हीत त्यो डाक्टर सांगत व्हता, तेवढ्यात कळतंच म्हणे." रेणुकानं पुन्हा राख घेतली आणि घासलेलं ताट पहिल्यापासून घासलं.

मग ते रोजचंच झालं. तिचं ताट मध्ये. सासू स्वतः वाढणार, भाजी पातेल्याच्या तळातून, वरण वरून, भाकरी चवडीतली मधली. "हे पण चाख. पाणी पी." रेणुका चावायची आणि तीन माणसं बसून राहायची. टीव्ही चालू. एकदा टीव्हीकडे, एकदा तिच्या तोंडाकडे. तिला उचकी लागली की परमेश्वर सावरून बसायचा. एकदा खरंच तिचं पोट दुखत होतं, दर महिन्याला दुखतं तसं, तर सासूनं सगळा स्वयंपाक उकिरड्यावर ओतला आणि बाजारातून वडापाव आणवले. सासरे राधाकिसन. सगळी तरणी वर्षं रानात काढलेला, मिळेल त्या विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यालेला माणूस. ते तरी बोलतील, असं रेणुकाला बरेच दिवस वाटत होतं. एका दुपारी ते बोलले. "भाकर गार झाली," एवढंच.

तिनं नवऱ्याला एकदा सरळ विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं का, मी असं काही करीन?"

"मला न्हाई वाटत गं," परमेश्वर म्हणाला. "बिलकुल न्हाई. पण सावध राह्यलेलं काय वाईट? रोज दाखवून राह्यलेत. ते काय येडे हायेत का सगळे?"

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढंच होती. रेणुका स्वतःच तो कार्यक्रम बघायला लागली. कोणत्या बायका संशयात येतात ते बघून तसं काही आपल्या हातून होऊ नये म्हणून. स्वयंपाक करताना फोनवर बोलायचं नाही. दार लोटायचं नाही. मीठ घालताना मोठ्यानं सांगायचं, "आत्याबाई, मीठ घालून राह्यले बरं का." शेवटचा घास गिळला की तोंड उघडून दाखवायची, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. एक दिवस मोरीतल्या आरशासमोर चूळ भरताना तिनं सवयीनं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली आणि मग तिला आपलीच शिसारी आली.

माहेरी मात्र तिनं एका शब्दानं काही कळू दिलं नाही. आईला तो आनंद एकदाच मिळाला होता. तो हिसकावून घ्यायची तिची छाती नव्हती.

आणि अशात धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिला. अधिकात जावई म्हणजे नारायण, लेक लक्ष्मी. त्यांना बोलवायचं, पाय धुवायचे, तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे आणि वर दिवा लावून वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे जेवू घालायचे. बायनाबाईंचा दिवसाआड फोन. रवा आणला. तूप कढवलं. अनारशाचं पीठ चांगलं उतरलं. रेणुका 'हो हो' म्हणायची आणि फोन लवकर ठेवायची. इतके महिने झाकलेलं तिथं उघडं पडलं तर?

निघायच्या दोन दिवस आधी कपड्यांच्या घड्या घालताना तिनं परमेश्वरला हात जोडले. "माझ्या मायच्या घरी तेवढं करू नका. घरी आल्यावर काय करायचं ते करा. तिथं न्हाई."

"बराबर हाय," तो म्हणाला. "तिथं कामून करीन? आईची शप्पत."

आईची शप्पत घेणाऱ्या त्या माणसाच्या आईनं त्याच आठवड्यात 'सासुरवाडीचा सापळा' नावाचा भाग दोनदा बघितला होता. निघताना तिनं लेकाच्या हातात पाण्याची बाटली दिली, कोरड्या पोळ्यांचा डबा दिला आणि हळूच म्हणाली, "जास्ती आग्रह केला तर पित्त झालंय म्हणून सांग." हळूच म्हणाली, पण रेणुकाला ऐकू जाईल इतकंच हळू.

ऊन फार तापायच्या आत पोचावं म्हणून ते सकाळी आठलाच मोटारसायकलवर निघाले. घनसावंगीला परमेश्वरनं गाडी एका टपरीसमोर उभी केली. टपरीवाला एका बादलीतल्या काळ्या पाण्यात ग्लास बुडवत होता आणि त्याच हातानं नाक पुसून भजी सोडत होता. परमेश्वरनं दोन प्लेट भजी खाल्ली, दोन कट चहा घेतला, बोटं चाटली. त्या टपरीवाल्याचं त्याला नावसुद्धा माहीत नव्हतं. रेणुका गाडीला टेकून बघत राहिली. आजवर तिला भीती वाटली होती, लाज वाटली होती, रडू आलं होतं. आज पहिल्यांदा तिला ह्या माणसाची किळस आली. साधी, स्वच्छ किळस, अन्नात पाल दिसावी तशी. "खाती का दोन?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली.

अकराच्या सुमारास ते पोचले. पुंजाराम, रेणुकाचे वडील, पांढरंशुभ्र धोतर नेसून फाट्यावरच येऊन उभे होते. अंगण शेणानं सारवलेलं, दारात रांगोळी, पाटाभोवती महिरप. ओसरीत गावातल्या दहा-बारा बायका आधीच येऊन बसलेल्या. बायनाबाईंनी परातीत जावयाचे पाय धुतले आणि आपल्या नव्या लुगड्याच्या पदरानं पुसले. तीन दिवस झोप नव्हती तिला, डोळे तांबडे झाले होते, पण चेहरा असा की रेणुकाला बघवेना. परमेश्वर पाय पुढं करून मोबाईल बघत होता.

"हेच का गं ते जावई?" शेजारच्या झुंबरबाईंनी विचारलं. तीस वर्षांची शेजारीण, ह्या घरच्या चुलीवरचं हक्कानं मागून खाणारी बाई. "बायकोला आधी जेवू घालणारे?"

"हेच," बायनाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी केलं न्हाई ते यांनी केलं."

पाटावर परमेश्वर बसला, शेजारी रेणुका. ताट आलं. फुगलेले टम्म धोंडे, त्यावर तुपाची धार, वाटीत आमटी, वाटीत आमरस, कुरडई, भजी. चुलत बहीण प्रांजली, कॉलेजला जाणारी, मोबाईल उभा धरून समोर बसली. "ताई, लाइव्ह चालू हाय बरं का," ती म्हणाली. "दाजी, हसा जरा."

परमेश्वरनं ताटाकडे बघितलं. मग पाण्याच्या तांब्याकडे. कपाळावर घाम. कूलरचं वारं सरळ त्याच्यावर येत होतं, तरी घाम.

"मामी," तो म्हणाला, "मला जरा पित्त झालंय."

"घासभर तरी खा, जावईबापू," पुंजाराम म्हणाले. "धोंड्याचं वाण हाय. न्हाई म्हणू ने."

आणि झुंबरबाईंनी ते केलं. भोळेपणानं केलं, हौसेनं केलं. "तुमच्यात पहिला घास बायकोचा असतो न्हाई का? मंग तसंच करा. आमाला बी बघू द्या एकदा. आमच्या मालकांनी तर जल्मात भरवला न्हाई."

बायका हसल्या. परमेश्वरच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. त्यानं एक धोंडा घेतला, मोडला, तुपात बुडवला आणि रेणुकाच्या तोंडापाशी धरला. "घे," तो म्हणाला. ओसरीतून एक लांब हुंकार आला. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. प्रांजली कुजबुजली, "चारशे जण बघून राह्यलेत."

रेणुकानं नवऱ्याकडे बघितलं. शप्पत घेतलेला माणूस. तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत होता. पलीकडे तिची माय उभी होती, हातात तुपाचं भांडं, आणि जगातली सगळ्यात सुखी बाई असल्यासारखी तिच्याकडेच बघत होती. गिळलं असतं तर सगळं निभलं असतं. मायचं सुख राहिलं असतं, गावात नाव राहिलं असतं. एक घास. रोज गिळतेच की.

पण तिच्या मायनं तीन दिवस खपून केलेल्या पुरणाची परीक्षा तिच्या जिभेवर व्हायला निघाली होती, आणि तिचा जबडा उघडेना. तिनं ओठ घट्ट मिटले.

"लाजली," कुणीतरी म्हणालं.

"घे ना," परमेश्वर म्हणाला.

तिनं मान हलवली.

"घे म्हणतो ना." हसू गेलं. घास तिच्या ओठांवर दाबला, तूप हनुवटीवरून ओघळलं. "कामून खात न्हाई? रोज तर खाती."

"तुम्ही खा," रेणुका म्हणाली. "माझ्या मायनं तुमच्यासाठी केलंय."

परमेश्वरचा हात खाली आला. घास ताटात पडला. त्यानं ताट मागं सारलं आणि तो पाटावरून असा उठला की तांब्या लवंडला. "काय घातलंय ह्यात?" त्याचा आवाज फाटला. "मामी, काय घातलंय? ही कामून खात न्हाई?"

बायनाबाईंना काहीच कळलं नाही. ती भांडं खाली ठेवून घाईघाईनं पुढं आली, वाकली, ताटात बघायला लागली. "केस निघाला का? केस निघाला आसंल. थांबा जावईबापू, ताट बदलून देते. डोळ्याला कमी दिसून राह्यलंय मला आता."

ते ऐकलं आणि रेणुकाच्या आतली सगळी झाकपाक संपली. "माय, केस न्हाई निघाला," ती म्हणाली. "त्यांना वाटून राह्यलं, तू इख घातलं."

"काय घातलं?"

"इख. घरी माझ्या हातचं बी तसंच. मी आधी खायाचं, मंग त्यांनी पंधरा-वीस मिन्टं माझ्या तोंडाकडं बघायचं. मेले न्हाई की मंग जेवायचं. दिवाळीपासून. टीव्हीत बघितलं म्हणून." तिनं हनुवटीवरचं तूप मनगटानं पुसलं. "आधी जेवू घालतात म्हणून सांगितलं ना मी तुला, ते हे."

बायनाबाईंनी जावयाकडे बघितलं. तो 'तसं न्हाई, तसं न्हाई मामी' असं काहीतरी पुटपुटत होता आणि पायांनी चपला शोधत होता. पुंजाराम कधीही रागानं न बोलणारा माणूस. ते म्हणाले, "आमी कोल्हे-लांडगे मारायला बी कधी इख घातलं न्हाई, जावईबापू. काठी घेऊन बसलो रातरात." आणि मग त्यांनी लवंडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला.

बायनाबाई पाटासमोर खाली बसली. तिनं तोच धोंडा उचलला, तोंडाकडे नेला. रेणुकानं तिचा हात धरला. "न्हाई, माय. तू दाखवायला खाऊ नको. तू खाल्लं की त्यांचं खरं झालं."

"गाडी काढतो मी," परमेश्वर म्हणाला. "येती का?"

"न्हाई."

"इचार कर."

"केला. दिवाळीपासून दुसरं काय करून राह्यले मी?"

तो गेला. दारात मोटारसायकल तीनदा किक मारून चालू झाली. जाता जाता फोन लावलेला, "वाचलो गं आई" एवढं अंगणात ऐकू आलं. खऱ्याच मोठ्या संकटातून वाचलेला माणूस बोलतो, तितका खरा सुटकेचा सूर होता. रेणुकाला वाटलं, आता धावत जाऊन त्या गाडीवर थुंकावं. ती बसूनच राहिली. प्रांजलीनं मोबाईल केव्हाच उलटा करून मांडीवर ठेवला होता, पण त्यातून टिंग टिंग वाजायचं थांबत नव्हतं.

खरं वाईट पुढं झालं. त्याला ना उषाबाई जबाबदार, ना परमेश्वर.

जावयाचं ताट झालं की ओसरीतल्या बायकांची पंगत बसायची, असं ठरलेलं. बायनाबाईंनी डोळे पुसले आणि रीतीनं पत्रावळी मांडायला घेतल्या. तीस वर्षांची वळणं, हात आपोआप चालत होते. "बसा गं," ती म्हणाली. "झालं ते झालं. अन्नावर राग नको."

कुणी बसेना.

"आज माझा उपास हाय," एकजण म्हणाली. कसला उपास, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"घरी पाव्हणे यायचेत. इसरलेच."

"माझी सून नुसती वाट बघून राह्यली आसंल."

ह्याच बायका. पोरं झाली तेव्हा बायनाबाईच्या हातचा शिरा खाल्लेल्या. माणूस गेलं तेव्हा तिच्याच हातची खिचडी खाल्लेल्या. पत्रावळीकडे बघत होत्या, तुपात न्हालेल्या धोंड्यांकडे बघत होत्या, तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं, आणि एकही पुढं येत नव्हती. एक वाजून गेला होता. प्रत्येकीच्या घरी तो कोटवाला ओरडत असणार, आणि प्रत्येकीला तो इथं ओसरीतसुद्धा ऐकू येत असणार. कुणालाच बायनाबाईनं विष घातलं असं वाटत नव्हतं. विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. पण जावई असा उठून पळाला, म्हणजे काहीतरी असेल की. सावध राहिलेलं काय वाईट?

शेवटी झुंबरबाई पुढं आल्या. त्यांनी बायनाबाईच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "बायना, तू मनाला लावून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "तूच घे बरं एक धोंडा आधी. मंग आमी बसतोच."

बायनाबाईंनी त्या हाताकडे बघितलं. मग वर झुंबरबाईंच्या तोंडाकडे. मग वळून लेकीकडे. रेणुकानं काही सांगायची गरज उरली नव्हती. इतके महिने ताटापुढं बसून लेक काय गिळत होती, ते आईला त्या एका वाक्यात समजलं.

ती उठली. एकेक पत्रावळ उचलून तिनं चवड लावली. "निघा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सगळ्या निघा. प्रांजली, तू बी जा."

"आगं, मी काय वंगाळ बोलले?" झुंबरबाई म्हणाल्या.

बायनाबाईंनी बायकांना ओसरीबाहेर काढलं आणि दार लोटून आतून कडी घातली. भर दुपारी त्या घराला कडी लागायची ती पहिलीच वेळ. मग तिनं तीन ताटं घेतली, जावयाचं ताट त्यातच धरून. तिघं जमिनीवरच बसले, पाट-महिरप बाजूला सारून. आधी कुणी, नंतर कुणी, असं काही झालं नाही. पुंजारामांनी पहिला घास घेतला तेव्हा रेणुकाचाही घास तोंडात होता. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. पुरणात जायफळ जरा जास्त झालं होतं, तेवढं रेणुकानं आईला सांगितलं. बायनाबाई म्हणाल्या, "व्हय गं, हात चुकला." आणि मग रडल्या, घास तोंडात ठेवूनच.

बाहेर पावलं वाजत होती. बायका गेल्या नव्हत्या. अंगणात, लिंबाखाली, उन्हातान्हात उभ्या होत्या आणि हलक्या आवाजात बोलत होत्या. दाराच्या फटीतून कुणाचीतरी सावली आत पडली, हलली, पुन्हा पडली. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही, तशी झुंबरबाईंनी कडी वाजवली.

"बायना," त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता. "ए बायना. बऱ्या हाव ना गं समदे?"

बायनाबाईंनी तोंडातला घास गिळला आणि पाण्याचा घोट घेतला.

"मेलो गं झुंबर," त्या म्हणाल्या. "जा आता घरी."

आणि त्यांनी लेकीच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला.